चिचुंद्री आणि ढिला बोल्ट

एक होती चिचुंद्री. अंगठ्याएवढी. नाक लांब लांब, डोळे बारीक बारीक.

तिचं घर गाडीखाली. मातीत बीळ, बिळात कापसाची गादी, गादीवर तीन पिलं. गुलाबी गुलाबी. डोळे अजून मिटलेले.

पिलं करायची, चुक चुक चुक.

चिचुंद्री म्हणायची, "आले गं आले. कुठं जात नाही मी."

एके दिवशी काय झालं?

वरून थेंब पडला. टप!

जाड. चिकट. पिवळा. मातीत पडला आणि काळा झाला.

दुसरा पडला. टप! बिळात ओघळला, गादीला लागला. पांढरी गादी काळी झाली. गेली गादी.

तिसरा पडला. टप! तो पडला पिलाच्या पाठीवर.

पिलू कुडकुडलं. चिचुंद्रीनं चाटलं. चाटून निघेना. कडू कडू लागलं. तिनं पिलांना कोरड्या बाजूला सरकवलं. कोरडी बाजू केवढी? बोटभर.

बाहेर न्यावं? बाहेर ऊन. बाहेर कोंबड्या. बाहेर बोका.

"पडून राहा गं," चिचुंद्री म्हणाली. "मी जाते. सांगून येते."

तुरु तुरु तुरु, ती बिळाबाहेर आली.

वर बघते तर गाडी. मोठी, लाल, गळ्यात फुलांचा हार. चारी चाकं फळ्यांवर चढवलेली. ऐटीत उभी.

"गाडीताई, गाडीताई, गळू नको.
पिलं माझी भिजली, मी कुठं जाऊ?"

गाडीनं नाक मुरडलं. "शी! चिचुंद्री! वास मारतेस."

"वास माझा. तेल तुझं. गळू नको."

"मी काय हौसेनं गळते? पोटाखालचा बोल्ट ढिला आहे. बोल्ट बसेल तर मी थांबेन. नाही तर नाही."

टप!

मागून आवाज आला, चुक चुक चुक.

चिचुंद्री पळाली. तुरु तुरु तुरु, गाडीच्या पोटाखाली. तिथं बोल्ट डुगडुगत होता.

"बोल्टदादा, बोल्टदादा, घट्ट बैस.
गाडी थांबेना,
टपटप संपेना,
पिलं माझी भिजली, मी कुठं जाऊ?"

बोल्ट म्हणाला, "माझा मी कसा बसू? सकाळी हिंदुरावकाका खाली आले. या घराचे मालक. जुनं तेल काढलं. मला बोटानं फिरवून लावलं. आता पान्हा लावणार, तेवढ्यात अक्काताई आली. काकांची बायको. 'पूजेची वेळ झाली, द्या तो पान्हा,' म्हणाली आणि हातातून घेऊन गेली. काकांनी वरून नवं तेल ओतलं. मी राहिलो तसाच. बोटावर."

"मग आता?"

"पान्हा उठेल तर मी बसेन. नाही तर नाही. आणि आवळायचं ते रीतीनं.
आधी बोटानं,
मग पान्ह्यानं,
टेकला की जरासं,
बस्स!"

टप! तो थेंब चिचुंद्रीच्या डोक्यावर पडला.

मागून आवाज आला, चुक चुक चुक.

चिचुंद्री घरात शिरली. तुरु तुरु तुरु, भिंतीच्या कडेकडेनं. आत पाट मांडला होता. पाटावर कोयता, हातोडी आणि पान्हा. पान्ह्याला हळदकुंकू. पान्ह्यावर झेंडूचं मोठं फूल.

"पान्हेबुवा, पान्हेबुवा, लवकर उठा.
बोल्ट बसेना,
गाडी थांबेना,
टपटप संपेना,
पिलं माझी भिजली, मी कुठं जाऊ?"

पान्हा जांभई देत म्हणाला, "आज खंडेनवमी. वर्षभर मी राबतो. आज माझी पूजा. आज पाटावर बसायचं, उद्या दसऱ्याला उठायचं."

"उद्या? उद्यापर्यंत बीळ भरेल हो!"

"रीत आहे बाई. अंगावर फूल आहे तोवर हलायचं नाही. झेंडू हलेल तर मी उठेन. नाही तर नाही."

लांबून आवाज आला, टप!

आणि मग, चुक चुक. दोनच.

चिचुंद्रीनं कान टवकारले. तिसरं कुठं गेलं?

"झेंडूभाऊ, झेंडूभाऊ, बाजूला हो.
पान्हा उठेना,
बोल्ट बसेना,
गाडी थांबेना,
टपटप संपेना,
पिलं माझी भिजली, मी कुठं जाऊ?"

झेंडू फुगून बसला होता. म्हणाला, "मला पाय आहेत का? मी कसा हलू? मला अक्काताईनं ठेवलं. अक्काताई उचलेल तर मी हलेन. नाही तर नाही."

तुरु तुरु तुरु, चिचुंद्री गेली चुलीपाशी.

अक्काताई पुरणपोळी भाजत होती. चिचुंद्री दिसली आणि तिनं उलथनं उगारलं. "मेले! सणाच्या दिवशी तूच उरली होतीस? झाडू कुठाय माझा?"

चिचुंद्री पळाली नाही. उलथन्यापुढं उभीच राहिली.

"अक्काताई, अक्काताई, मार मग मला.
आधी ऐक माझं, फूल उचल.
झेंडू हलेना,
पान्हा उठेना,
बोल्ट बसेना,
गाडी थांबेना,
टपटप संपेना,
पिलं माझी भिजली, मी कुठं जाऊ?"

अक्काताईचा हात खाली आला. पण मान हलली. नाही नाही नाही.

"मांडलेली पूजा मोडू? माझं काय डोकं फिरलंय? आणि बोल्ट ढिला म्हणतेस. काका म्हणतात आवळलाय. काका मानतील तर मी उचलेन. नाही तर नाही."

तव्यावर पोळी फुगली. चर्रर्र.

लांबून आवाज आला, टप! टप!

आणि मग, चुक. एकच.

चिचुंद्रीला रडू आलं. रडायला वेळ कुठाय? तुरु तुरु तुरु, ती अंगणात धावली.

अंगणात बाज. बाजेवर हिंदुरावकाका. दोन पोळ्या जास्त झालेल्या. नवा पांढरा सदरा घातलेला. पोट वर, पोट खाली. घुर्रर्र, घुर्रर्र.

"काका, काका, उठा आणि माना.
अक्का उचलेना,
झेंडू हलेना,
पान्हा उठेना,
बोल्ट बसेना,
गाडी थांबेना,
टपटप संपेना,
पिलं माझी भिजली, मी कुठं जाऊ?"

काकांनी एक डोळा उघडला. "कोण बोल्ट ढिला म्हणतं? वीस वर्षं गाडीचं तेल मी घरी बदलतो. हा हात बघ, हात! या हाताचा बोल्ट कधी ढिला राहत नाही."

"राहिलाय हो काका. बोटावरच राहिलाय."

"गाडीखाली पुठ्ठा आहे. गळत असेल तर पुठ्ठ्यावर डाग दिसेल. पुठ्ठा काळा होईल तर मी मानेन. नाही तर नाही."

डोळा मिटला. घुर्रर्र.

तुरु तुरु, चिचुंद्री परत गाडीखाली. पाय दुखायला लागले. तोंडाला कोरड पडली.

गाडीखाली एका बाजूला पुठ्ठा पसरलेला. कोरडा ठणठणीत. थेंब पडत होते वीतभर लांब. टप! टप! सगळे तिच्या बिळात.

"पुठ्ठेभाऊ, पुठ्ठेभाऊ, थोडा सरक.
काका मानेनात,
अक्का उचलेना,
झेंडू हलेना,
पान्हा उठेना,
बोल्ट बसेना,
गाडी थांबेना,
टपटप संपेना,
पिलं माझी भिजली, मी कुठं जाऊ?"

पुठ्ठा म्हणाला, "काकांनी पाठ टेकायला मला इथं टाकलं. मी इथं, थेंब तिथं. मी कसा सरकू? माझ्यावर बोका झोपलाय. बोका ढकलेल तर मी सरकेन. नाही तर नाही."

चिचुंद्रीनं स्वतःच पुठ्ठा ओढला. दातानं ओढला. हूंऽऽ! हूंऽऽ!

हलला नाही.

मग तिनं बोक्याकडं बघितलं. बोका केवढा! त्याचा एक पंजा म्हणजे अख्खी चिचुंद्री. पण आता घाबरून काय करायचं?

"बोकोबा, बोकोबा, पुठ्ठा ढकल.
पुठ्ठा सरकेना,
काका मानेनात,
अक्का उचलेना,
झेंडू हलेना,
पान्हा उठेना,
बोल्ट बसेना,
गाडी थांबेना,
टपटप संपेना,
पिलं माझी भिजली, मी कुठं जाऊ?"

बोक्यानं तिला हुंगलं. "हॅक्! तुला तर खाववतसुद्धा नाही."

"खाऊ नको. ढकल."

"एवढे सगळे नाही म्हणाले. मग मीच का हो म्हणू? मी ढकलणार नाही."

"कुणी काय केलं तर ढकलशील?"

"कुणी काही केलं तरी नाही."

आणि बोका कूस बदलून झोपला.

आता? बोक्याच्या पुढं कुणी नव्हतं. आता विचारायचं तरी कुणाला?

चिचुंद्री मागं फिरली. तुरु तुरु नाही. एक पाय. मग दुसरा पाय. मग तिसरा.

ती बिळाच्या तोंडाशी आली. कान लावला.

टप.

बस, तेवढंच. चुक नाही. एकसुद्धा चुक नाही.

"बाळांनो?" चिचुंद्री म्हणाली. "आले गं मी."

आतून कुणी बोललं नाही.

चिचुंद्री आत शिरली. पचक! पाय बुडाले. पचक! पोट बुडालं. नाक काळं, मिशा काळ्या. तिनं काळोखात चाचपलं. पहिलं पिलू सापडलं. गार. काळं. तिनं ते तोंडात धरलं आणि बाहेर आणलं.

कुठं ठेवू? या माणसांच्या एवढ्या मोठ्या घरात माझ्या पिलाला कुठं ठेवू?

मग तिला राग आला. रडता रडता राग आला.

"मानायला काळं पाहिजे होतं ना? घ्या काळं!"

ती अंगणात आली. बाजेच्या पायावर चढली. सरसर सरसर. काकांच्या नव्या पांढऱ्या सदऱ्यावर चढली. टिप टिप टिप, काळी पावलं उमटली. वर पोटावर गेली आणि पिलू ठेवलं.

खाली उतरली. परत बिळात. पचक पचक. दुसरं पिलू आणलं. टिप टिप टिप. पोटावर ठेवलं.

तिसरं पिलू तळाला होतं. अगदी तळाला. चिचुंद्रीनं श्वास रोखला आणि डोकं खाली घातलं. सापडलं. टिप टिप टिप. पोटावर ठेवलं.

तीन काळी पिलं, पांढरा सदरा. पोट वर, पोट खाली.

चिचुंद्री काकांच्या छातीवर उभी राहिली आणि किंचाळली,

"बोका ऐकेना!
पुठ्ठा सरकेना!
काका मानेनात!
अक्का उचलेना!
झेंडू हलेना!
पान्हा उठेना!
बोल्ट बसेना!
गाडी थांबेना!
टपटप संपेना!
पिलं माझी बुडाली, आता कुठं जाऊ?"

काका धडपडून जागे झाले. "अगं ए! अगं ए! अक्का! धाव!"

अक्काताई उलथनं घेऊन धावली. "ओरडताय काय? भूत बघितलं का?"

"अगं माझ्या पोटावर बघ!"

अक्काताईनं बघितलं. बोट लावलं. हुंगलं. मग काकांकडं बघितलं.

"हे तुमचं तेल. सकाळी ओतलेलं. बोल्ट आवळला होता का?"

"तू पान्हा ओढून नेलास की!"

"मग मागायचा की परत! पोळी मागायला तोंड आहे, पान्हा मागायला नाही?"

काकांनी पिलांकडं बघितलं. चिचुंद्रीकडं बघितलं. खाली मान घातली.

"चुकलं माझं," काका म्हणाले. "बोल्ट ढिलाच राहिला."

काकांनी मानलं!

मग अक्काताईनं पिलं पदरात घेतली. पाटापाशी गेली. हात जोडले. "देवा, रागावू नको. लेकरांचं काम आहे." आणि फूल उचललं.

अक्का उचलली... नव्हे, अक्कानं उचललं!
झेंडू हलला!
पान्हा उठला!

काका पान्हा घेऊन गाडीखाली शिरले. बोका पळाला. काका पुठ्ठ्यावर पाठीवर निजले. पान्हा लावला. फिरवला. घर्रर्र.

धो धो धो!

टपटप नव्हे, धारच लागली. काकांच्या तोंडावर, मिशीवर, कानात.

"उलटा!" बोल्ट ओरडला. "उलटा फिरवलात! पाठीवर निजलं की असंच गोंधळायला होतं. दुसरीकडं!"

चिचुंद्रीनं डोळे मिटून घेतले. संपलं, तिला वाटलं. आता सगळंच संपलं.

काका घाबरले. पान्हा जोरात लावायला लागले.

"पान्हा काढा आधी!" चिचुंद्री ओरडली. "सांगते तसं करा!

आधी बोटानं!"

काकांनी पान्हा ठेवला. बोटानं बोल्ट फिरवला. सरळ. हळू. गर गर गर. धार बारीक झाली.

"मग पान्ह्यानं!"

काकांनी पान्हा लावला. फिरवला. टक. बोल्ट टेकला.

"टेकला की जरासं!"

काकांनी जरासं आवळलं. चुर्र.

काकांना वाटलं, अजून थोडं आवळू. नाही तर पुन्हा गळायचं. त्यांनी दोन्ही हातांनी पान्हा धरला, दात आवळले...

"बस्स!" बोल्ट ओरडला. "माझे आटे मोडतील!"

"बस्स!" चिचुंद्री ओरडली.

"अहो, बस्स म्हणतायत ना!" अक्काताई ओरडली.

काकांनी हात सोडला.

बोल्ट बसला!

सगळ्यांनी कान दिला.

टप.

तो शेवटचा होता, राहिलेला.

मग काहीच नाही. काहीच नाही. काहीच नाही.

गाडी थांबली! टपटप संपली!

पण पिलं?

अक्काताई दारात बसली. मांडीवर पिलं. ताटलीत डाळीचं पीठ. ती पीठ लावायची, हळूच पुसायची. काळं निघायचं. पुन्हा लावायची, पुन्हा पुसायची. हातातलं उलथनं कधीच खाली पडलं होतं. पोळी करपली होती. करपू दे.

पहिलं पिलू गुलाबी झालं. चुक!

दुसरं पिलू गुलाबी झालं. चुक!

तिसरं पिलू गुलाबी झालं. पण बोललं नाही.

चिचुंद्री जवळ आली. त्याला नाक लावलं. गार होतं.

अक्काताईनं त्याला दोन्ही तळव्यांत धरलं. फुंकर घातली. हूऽऽ. गरम गरम. पुन्हा फुंकर घातली. हूऽऽ.

"बोल गं बाय," अक्काताई म्हणाली. "शिव्या दे हवं तर मला. पण बोल."

काका उभे होते. मिशीतून तेल गळत होतं. पुसायचंसुद्धा सुचलं नाही.

हूऽऽ.

हूऽऽ.

...चुक.

एवढंसं. मुंगीलासुद्धा ऐकू आलं नसतं. पण चिचुंद्रीला आलं.

काकांनी बिळावर लाकडाचा भुसा टाकला, तेल टिपलं, काळी माती खणून काढली. तरी ते बीळ गेलं ते गेलंच. तिथं पुन्हा राहता येईना. काका म्हणाले, "माझ्या हातानं तुझं घर गेलं. आता माझ्याच हातानं देतो." त्यांनी पडवीत जुना टायर ठेवला. कोरडा. सावलीतला.

"आणि गादी?" चिचुंद्रीनं विचारलं. ठणकावून विचारलं.

अक्काताईनं काकांचा सदरा ओढला. "हा डाग काही जायचा नाही. काढा तो."

"अगं नवा आहे! उद्या दसरा! मी काय घालू?"

"जुना घाला."

टर्रर्र! अक्काताईनं सदऱ्याच्या चिंध्या केल्या. काळ्या बाजूला टाकल्या. पांढऱ्या पांढऱ्या निवडल्या. मऊ मऊ गादी केली आणि टायरात अंथरली. वर स्वतःच्या हातानं तीन पिलं ठेवली. चिचुंद्रीच्या अंगाला वास येत होता. अक्काताईनं नाकाला पदर लावला नाही.

चिचुंद्री पिलांभोवती गोल झाली. झोप येईना. कान देऊन बसली.

टप? नाही.

टप? नाही.

मग?

चुक चुक चुक.

तिनं मोजलं. तीन.

"आहे गं," चिचुंद्री म्हणाली. "इथंच आहे मी."

थेंब थांबला, तशी गोष्ट थांबली.